सिस्टर झाली की शिक्षण वाया जातं का? कराचीच्या डॉ. रूथ फाऊ यांचं काम समोर ठेवून दिलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका ताईंच्या मैत्रिणीची मुलगी, घर कॅथलिक, बी.एस्सी. नर्सिंग नुकतंच पूर्ण झालेलं. मोठ्या हॉस्पिटलची नोकरी समोर असताना ती म्हणते, मला मिशनरी सिस्टर व्हायचंय. आईनं अंथरूण धरलंय. नातेवाइकांपैकी अर्धे म्हणतात, शिक्षण पाण्यात गेलं, आता जन्मभर माळ ओढत बसणार. शेजारपाजारचे दबक्या आवाजात विचारतात, या सिस्टर सेवा करतात की धर्म वाढवतात? मी विदर्भात कुष्ठरोगाच्या कामात सिस्टर्सबरोबर उमेदीची वर्षं काढली, म्हणून ताईंनी मला विचारलं की या बायकांचं आयुष्य आतून असतं तरी कसं.

मदर तेरेसांचं नाव काढलं की बोलणं कामावर टिकत नाही, लगेच दोन तट पडतात. म्हणून मी दुसरी एक सिस्टर घेतो, जिचं काम मला माझ्या पेशाच्या फूटपट्टीनं मोजता येतं. डॉ. रूथ फाऊ. जर्मन डॉक्टर, कॅथलिक सिस्टर, १९६० पासून २०१७ मध्ये डोळे मिटेपर्यंत मुक्काम कराची. कुष्ठरोगात काम करणाऱ्या मराठी माणसाला आनंदवन, दत्तपूर, तपोवन ही आपल्याकडची कुष्ठसेवेची ठिकाणं तोंडपाठ असतात. कराचीतल्या या बाईचं नाव मात्र सीमेपलीकडे राहिल्यामुळे आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही.

आधी त्या सिस्टर कशा झाल्या ते सांगतो, कारण मैत्रिणीची खरी भीती तिथेच आहे. जन्म ९ सप्टेंबर १९२९ चा, लाइपझिगचा. घर प्रोटेस्टंट. युद्धात बॉम्ब पडून राहतं घर गेलं. युद्ध संपलं तेव्हा तो मुलूख रशियनांकडे गेला आणि ही मुलगी विशीच्या उंबरठ्यावर सीमा ओलांडून पश्चिम जर्मनीत आली. माइन्झ आणि मारबुर्ग इथे डॉक्टरकी शिकली. त्याच सुमारास छळछावणीतून जिवंत परतलेली एक डच ख्रिस्ती बाई तिला भेटली. जे सोसलं त्याचा हिशेब चुकता करण्याऐवजी क्षमा करा, असं ती बाई लोकांना सांगायची. १९५१ मध्ये रूथनं बाप्तिस्मा घेतला, १९५३ मध्ये ती कॅथलिक झाली. एका सहाध्यायाशी लग्न ठरण्यासारखं होतं, तिनं नकार दिला आणि १९५७ मध्ये पॅरिसला जाऊन ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या सिस्टर्सच्या संघात नाव घातलं. म्हणजे पदवी आधी, संघ नंतर. आणि त्या पदवीला पुढची साठ वर्षं गंज चढला नाही.

हा संघ जरा वेगळा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, व्रतस्थ संस्थांवर बंदी आली त्या वेळी मारी आदेलाईद द सिसे ही बाई आणि क्लोरिव्हिएर हे जेझुइट फादर यांनी तो उभा केला. झगा घालून मठात राहिलं तर पकडून नेतील, म्हणून सदस्यांनी साध्या कपड्यांत, लोकांमध्ये राहून व्रतं पाळायची असं ठरलं. बंदी उठली तरी ती रीत राहिली. मुंबईतलं निर्मला निकेतनचं समाजकार्य महाविद्यालय १९५५ मध्ये याच संघानं काढलं. अंधेरीचं सेंट कॅथरिन होमही यांचंच. तिथे शिकून गेलेल्या कित्येकांना आपल्या बाई सिस्टर होत्या याचा पत्ताही नसतो. रूथ फाऊ कराचीत जन्मभर सलवार-कमीज आणि ओढणीत वावरल्या ते यामुळेच.

व्रतं तीन: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. बाहेरच्यांची नजर मधल्या व्रतावर खिळते. कामाच्या जागी जाणवतं ते तिसरं. संघ सांगेल तिथे जायचं. रूथ फाऊंना संघानं सांगितलं भारत. १९६० च्या मार्च महिन्यात त्या निघाल्या, व्हिसाचं घोडं अडलं आणि वाटेत कराचीला थांबावं लागलं. तिथे त्यांच्याच संघाची एक मेक्सिकन सिस्टर होती, बेरेनीस वर्गास, शिक्षणानं औषधनिर्माता. ती त्यांना मॅक्लिओड रोडच्या मागे, सिटी स्टेशनजवळ असलेली कुष्ठरुग्णांची वस्ती दाखवायला घेऊन गेली.

तिथे जे दिसलं ते त्यांनी नंतर बऱ्याच मुलाखतींतून सांगितलंय. लाकडी खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेला दवाखाना, खाली गटाराचा चिखल, आणि साधारण त्यांच्याच वयाचा एक तरुण पठाण दोन्ही हात आणि पाय टेकत त्या चिखलातून दवाखान्यात आला. त्यांना हादरवलं ते त्याच्या चेहऱ्यानं. यात काही वावगं आहे असं त्याला वाटतच नव्हतं. माणसानं असं रांगतच यायचं असतं, अशा थाटात तो आला.

इथे थोडं रोगाबद्दल बोलायला हवं, नाहीतर पुढचं काम कळणार नाही. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंत घर करतो. कोपराच्या आतल्या बाजूला जिथे आपटलं की मुंग्या येतात, ती नस दोरीसारखी जाड होते, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होऊन आत वळतात. गुडघ्याखालची नस गेली की पाऊल लोंबतं. घोट्यामागची गेली की तळवा बधिर होतो. मग तो माणूस खिळा टोचला तरी चालत राहतो, चुलीवरचं भांडं पकडीशिवाय उचलतो. बोटं रोगानं झडत नाहीत. बधिर बोटाला झालेली जखम दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही, ती चिघळते, हाड सडतं आणि बोट आखडत, झिजत जातं. त्या वस्तीत रात्री उंदीर येऊन झोपलेल्या माणसांची बोटं कुरतडायचे आणि सकाळी रक्त दिसेपर्यंत त्यांना पत्ता नसायचा. ऐकणाऱ्याला हे अतिशयोक्त वाटतं. बधिर पायात रुतलेली काच घेऊन कित्येक मैल चालत आलेला पेशंट ज्यानं पाहिलाय त्याला तसं वाटत नाही.

रूथ फाऊंनी ठरवलं, भारत राहू दे, इथेच थांबायचं. संघानं ते मान्य केलं. आज्ञापालनाचं व्रत म्हणजे गुलामी समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. सिस्टर बोलते, वरिष्ठ ऐकतात, बऱ्याचदा खडाजंगीही होते.

आता त्यांनी पुढे काय केलं ते बघा, कारण माझ्या मते त्यांचं मोठेपण इथे आहे. दया येऊन पट्ट्या बांधणारी माणसं तेव्हाही होती आणि ती हवीतच. रूथ फाऊ आधी शिकायला गेल्या. १९६१ मध्ये त्या भारतात आल्या, वेल्लोरला, कुष्ठरोगाचे उपचार शिकण्यासाठी. डॉ. पॉल ब्रँड यांनी वळलेली बोटं आणि लोंबती पावलं शस्त्रक्रियेनं कामाला लावून दाखवली ते हेच वेल्लोर. तिथून परतल्यावर त्यांच्या डोक्यात आश्रमाऐवजी कुष्ठनियंत्रणाची योजना होती. कराचीतल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. झरीना फझलभॉय आणि डॉ. आय. के. गिल बरोबर होते. एप्रिल १९६३ मध्ये शहरात एक इमारत विकत घेतली आणि खोक्यांचा दवाखाना तिथे हलला. संघाच्या संस्थापिकेवरून नाव पडलं मारी ॲडलेड लेप्रसी सेंटर. सगळ्या पाकिस्तानातून आणि अफगाणिस्तानातूनही पेशंट येऊ लागले.

पेशंट लांबून येतात हे डॉक्टरला सुखावणारं असतं. कुष्ठरोगात मात्र तो पराभव असतो. गिलगिटहून किंवा मकरान किनाऱ्यावरून माणूस कराचीला पोचतो तेव्हा त्याच्या नसा गेलेल्या असतात. त्या काळी औषध एकच, डॅप्सोन. स्वस्त गोळी, पण वर्षानुवर्षं घ्यायची, काहींनी जन्मभर. कराचीत निदान करून महिन्याच्या गोळ्या हातात दिल्या तर पुढच्या महिन्यात तो माणूस येणार कुठून? म्हणून दवाखान्यानं पेशंटकडे जायचं. हे सूत्र आपल्या वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठाननं पन्नासच्या दशकातच पकडलं होतं: घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि गावातच उपचार. पाकिस्तानात ते रूथ फाऊंनी रुजवलं, आणि तेही डोंगर, वाळवंट आणि टोळ्यांच्या मुलखात, जिथे परक्या पुरुषानं घरात पाऊल टाकायची सोय नव्हती.

यासाठी त्यांनी कुष्ठतंत्रज्ञ तयार केले. आपल्याकडे ज्यांना पीएमडब्ल्यू, म्हणजे पॅरामेडिकल वर्कर म्हणतात तीच ही माणसं. बहुतेक मुलं त्या त्या भागातली, भाषा जाणणारी. काही स्वतः बरे झालेले पेशंट. त्यांना कराचीत शिकवून परत आपल्या मुलखात पाठवायचं. त्यांचं काम कागदावर साधं दिसतं: अंगावरचा फिकट किंवा लालसर चट्टा शोधायचा, कापसाच्या वातीनं तिथे स्पर्श कळतो का बघायचं, नसा चाचपायच्या, जंतू आहेत का ते बघायला कानाच्या पाळीतून स्मिअर, म्हणजे काचेवर नमुना घ्यायचा, नाव नोंदवायचं, घरातल्या सगळ्यांना तपासायचं, गोळ्या द्यायच्या, आणि पुढच्या महिन्यात माणूस आला नाही तर त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. मी हे काम केलंय म्हणून सांगतो, शेवटचं वाक्य म्हणजेच कुष्ठनियंत्रण. बाकी सगळं औषध कंपनीही करू शकते.

रूथ फाऊ स्वतः जीपनं, घोड्यावरून, जिथे रस्ता संपतो तिथून पायी या मुलखांत फिरल्या. गोठ्यात आणि गुहेत कोंडून ठेवलेली मुलं त्यांनी बाहेर काढली. आईबापांनीच घाबरून कोंडलेली, रोग बाकीच्यांना लागेल म्हणून. अशा ठिकाणी बाई असण्याचा फायदा झाला. कुष्ठरोगाची तपासणी चेहरा बघून होत नाही. पाठ, मांड्या, पोटऱ्या उघड्या उजेडात बघाव्या लागतात. पडद्यातल्या बायकांची पाठ बघणार कोण? बुरख्यातली बाई तपासायला बाईच हवी, आणि ती बिऱ्हाड नसलेली, महिना-महिना डोंगरात राहू शकणारी हवी. ब्रह्मचर्याच्या व्रताचा हा फारच व्यावहारिक उपयोग झाला. व्रत घेताना कोणाच्या मनात तो असेल असं नाही.

पैसा जर्मनीतून यायचा, मुख्यतः वुर्झबर्गच्या जर्मन कुष्ठरोग निवारण संस्थेकडून. आपल्याकडच्या कित्येक कुष्ठ प्रकल्पांनाही याच संस्थेनं हात दिलाय. परदेशी पैसा म्हटला की भुवया उंचावतात, म्हणून सांगतो: त्यांनी तो पैसा सरकारला बाजूला सारण्यासाठी वापरला नाही. १९६८ मध्ये पाकिस्तान सरकारला बरोबर घेऊन राष्ट्रीय कुष्ठनियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पुढे त्या केंद्र सरकारच्या कुष्ठरोगविषयक सल्लागारही झाल्या. देशभर दीडशेहून अधिक केंद्रांचं जाळं विणलं गेलं. मिशनरी संस्थेला स्वतंत्र राज्य उभारायचा मोह फार असतो. आपली इमारत, आपली पाटी, आपला पेशंट. त्या मोहात ही बाई पडली नाही. व्यवस्थापक म्हणून मला त्यांचं जास्तीत जास्त कौतुक वाटतं ते याचं.

मग १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचाराची, आमच्या भाषेत एमडीटीची शिफारस केली. रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन, डॅप्सोन. नुसत्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले होते, त्यावरचा हा उपाय. रिफॅम्पिसिनच्या पहिल्या डोसनंच जवळजवळ सगळे जंतू मरतात आणि माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. महिन्यातून एकदा हा डोस कार्यकर्त्याच्या डोळ्यांदेखत गिळायचा. ज्या देशात कार्यकर्त्यांचं जाळं आधीच होतं त्यांना एमडीटी पावलं. जिथे नव्हतं तिथे गोळ्यांची पाकिटं कपाटात पडून राहिली. क्लोफॅझिमिननं कातडी काळपट पडते, गोरीगोमटी सून असेल तर सासरी बोभाटा होतो, ती गुपचूप गोळी टाकून देते. हे तिच्या घरी जाऊन बोलणारं कोणी असेल तरच कळतं.

१९९६ मध्ये पाकिस्तानात कुष्ठरोग आटोक्यात आल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. आशियात हा टप्पा लवकर गाठणाऱ्या देशांत तो होता. भारतानं राष्ट्रीय पातळीवर तो २००५ च्या डिसेंबरात गाठला. इथे एका जुन्या कुष्ठ डॉक्टरची कुरकुर ऐकून घ्या. या टप्प्याला म्हणतात ‘निर्मूलन’, म्हणजे दर दहा हजार लोकांमागे उपचार चालू असलेला पेशंट एकापेक्षा कमी. पूर्वी जंतू जास्त असलेल्या पेशंटला दोन वर्षं औषध द्यायचो, नंतर ते एका वर्षावर आलं. औषध लवकर संपलं की नोंदीतून नाव लवकर कमी होतं, आकडा निम्म्यावर येतो, रोग तितकाच राहतो. जंतू शरीरात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं, कधी वीसही जातात. म्हणजे घोषणेच्या दिवशी ज्यांना रोग लागलेला आहे ते पुढे कित्येक वर्षांनी दवाखान्यात येणार. आपल्याकडे घोषणेच्या आगेमागे कुष्ठ विभागाची माणसं सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली, जुन्या पीएमडब्ल्यूंच्या निवृत्तीनंतर जागा भरल्या नाहीत, आणि आजही जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण भारतात सापडतात, वर्षाला लाखाच्या आसपास. कराचीच्या केंद्रानं वेगळं केलं. कुष्ठरोग कमी झाला तसं त्याच तंत्रज्ञांना क्षयरोग आणि अंधत्व निवारणाचं काम शिकवलं. दारोदार जाणारा माणूस टिकला, त्याच्याबरोबर कुष्ठरोगावरची नजरही टिकली. मला विचाराल तर १९९६ च्या घोषणेपेक्षा हे काम मोठं.

धर्माच्या प्रश्नावर येतो. त्यांचे पेशंट जवळपास सगळे मुसलमान, तंत्रज्ञांत बहुसंख्य मुसलमान, सरकार मुसलमान. तिथे धर्मांतराचा कार्यक्रम चालवला असता तर केंद्र आठवडाभर टिकलं नसतं. इतकी साधी गोष्ट आहे. पण त्यांची श्रद्धा लपलेली नव्हती. रोज सकाळी प्रार्थना, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, मग राऊंड. ज्या डॉक्टरांबरोबर त्या काम करत ते नमाजाला जात, या चर्चला जात. १९८८ मध्ये पाकिस्ताननं त्यांना नागरिकत्व दिलं. सन्मानही मिळाले: पाकिस्तान सरकारचे १९७९ मध्ये हिलाल-ए-इम्तियाज, १९८९ मध्ये हिलाल-ए-पाकिस्तान, आणि २००२ मध्ये मॅगसेसे. सगळ्या मिशनरी संस्था अशाच असतात असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे याच्या दोन्ही बाजूंच्या गोष्टी मी ऐकल्यात आणि एकदोन डोळ्यांनी पाहिल्यात. म्हणून ताईंना माझं सांगणं, ‘मिशनरी’ या शब्दावरून मत बनवू नका, संघ कोणता आणि तो करतो काय, ते बघा.

१० ऑगस्ट २०१७ ला त्या गेल्या, वय ८७. व्हेंटिलेटरवर ठेवू नका असं आधीच बजावून ठेवलं होतं. १९ ऑगस्टला सरकारी इतमामात अंत्यविधी झाला. शवपेटीवर पाकिस्तानचा झेंडा, सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये राष्ट्रपती आणि लष्करप्रमुख हजर. ‘सदर’ नावाच्या भागातलं हे चर्च म्हणजे कराचीच्या गोवेकर कॅथलिकांचं जुनं ठिकाण. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, तेव्हा गोव्याची माणसं मुंबईला जशी गेली तशीच कराचीला गेली. दफन गोरा कब्रस्तान या ख्रिस्ती दफनभूमीत झालं. आयुष्यभर त्या हॉस्पिटलच्या आवारातल्या एका खोलीत राहिल्या होत्या.

एवढी मोठी व्यक्ती उदाहरणाला घेतली की मैत्रीण म्हणेल, माझी पोर काही रूथ फाऊ होणार नाही. बरोबर आहे. म्हणून जवळचं सांगतो. विदर्भातल्या ज्या दवाखान्यात मी होतो तिथे ड्रेसिंगच्या खोलीत केरळची एक सिस्टर होती, मराठी वऱ्हाडी वळणाची बोलायची. सकाळी आठला बादल्या मांडल्या जायच्या. पेशंट बाकावर बसून पाय पाण्यात सोडायचे, अर्धा तास. मग भिजून पांढरी पडलेली जाड कातडी खरडायची, तेल चोळायचं, जखमेची कड ब्लेडनं कापून रक्ताळ होईपर्यंत साफ करायची. वास असा की शिकाऊ मुलं नाकाला रुमाल लावून दारात थांबायची. ही बाई तळवा मांडीवर घेऊन त्यावर वाकलेली असायची आणि तोंडानं त्या म्हाताऱ्याला झापत असायची, “आबा, एमसीआरची, मऊ रबराची चप्पल दिली होती ना, ती कुठे? पोराला दिली? मग आता पायही पोरालाच द्या!” आबा हसायचे. ती जखमेची लांबी-रुंदी मोजून कार्डावर लिहायची. मागच्या वेळी एवढी, या वेळी तेवढी. जखम वाढली असेल तर घरात काय बिघडलंय ते काढून घ्यायची: सून जेवायला देत नाही, जनावरामागे फिरावं लागतं, पेन्शन अडकली. मग तहसीलला पत्र. हे सगळं नर्सिंगच्या पुस्तकातलंच काम आहे, फक्त त्यात माणसाला घाई नव्हती. पगाराची नर्स हे करत नाही असं नाही. आमच्याकडे पगारी नर्सही जीव ओतणाऱ्या होत्या. पण त्यांना बदली हवी असायची, मुलांच्या शाळा असायच्या, आणि त्यात काही गैर नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तीच सिस्टर एका एप्रिल महिन्यात वरून आलेल्या एका पत्रानं बदलून गेली. दोन दिवसांत सामान बांधलं. तिचे पेशंट महिनाभर ड्रेसिंगला नीट येईनात. आम्ही विनवण्या केल्या, उत्तर आलं की दुसरीकडे गरज आहे. रूथ फाऊंसारखं एकाच जागी जन्म काढायला मिळणं हे नशीब आहे. बहुतेक सिस्टर्सच्या वाट्याला दर पाच-सात वर्षांनी नवं गाव, नवी भाषा, नवी वरिष्ठ येते. पगार हातात येत नाही, संघाकडे जातो. आईवडील आजारी पडले तर रजा मागावी लागते. एकाच छपराखाली पाच बायका, सगळ्यांशी सूर जुळतोच असं नाही. संन्यास म्हटला की लोक हिमालय डोळ्यापुढे आणतात, प्रत्यक्षात भांडीकुंडी, वेळापत्रक आणि एकमेकींचा स्वभाव सांभाळणं हाच त्यातला अवघड भाग असतो. हे मला सिस्टर्सनीच सांगितलंय.

आता ताईंच्या मैत्रिणीनं काय करावं. पहिलं, पोर उद्या जन्माची बांधली जाणार नाही. संघात शिरल्यावर आधी ओळखीचा काळ, मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा तयारीचा काळ, ते चर्चच्या कायद्यानं किमान बारा महिन्यांचं. त्यानंतर पहिली व्रतं मुदतीची असतात. कायमची व्रतं घ्यायच्या आधी मुदतीच्या व्रतांची किमान तीन वर्षं जावी लागतात, सहसा जास्तच जातात. या काळात तिला वाटलं तर ती परत येऊ शकते, संघाला वाटलं तर तेही नको म्हणू शकतात. परत येणाऱ्या मुली असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तेव्हा घराचं दार मोकळं राहील एवढं मात्र तिला आत्ताच सांगून ठेवा.

दुसरं, जाण्याआधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पूर्ण करून घ्यावी आणि शक्य तर वर्ष-दोन वर्षं वॉर्डात काम करावं. नोव्हिशिएटच्या वर्षात हातातलं काम सुटतं, अनुभव असेल तर नंतर लवकर परत येतो. चांगला संघ यासाठी थांबायला सांगितलं तर नाराज होत नाही. जो घाई करतो त्याच्याबद्दल मी सावध राहीन.

तिसरं, संघ निवडताना प्रमुख सिस्टरना भेटा आणि नीट विचारा: आमच्या मुलीला नर्सिंगच करायला मिळेल का, की शाळा, हॉस्टेल, कुठेही पाठवाल? पुढे शिकवाल का? आजारपणात, म्हातारपणी बघतं कोण? घरी वर्षातून किती वेळा येता येतं? या प्रश्नांना कोणी देवाच्या इच्छेचं उत्तर दिलं तर पुन्हा विचारा. मी पाहिलेल्या अनुभवी सिस्टर असल्या प्रश्नांना सरळ उत्तरं देतात, उलट आईनं विचारलं याचं त्यांना बरं वाटतं. आणि मुलीला त्यांच्या एखाद्या दवाखान्यात महिनाभर राहू द्या, पाहुणी म्हणून नको, ड्युटी लावून. आमच्या दवाखान्यात अशा मुली यायच्या. ड्रेसिंगच्या खोलीत आठवडा काढला की त्यांचं त्यांनाच उमगायचं. काही चहा पिऊन मुकाट बॅग भरायच्या, काही दुसऱ्या दिवशी आठच्या आधी बादल्या मांडायला हजर असायच्या.